बारोलो प्यायची तर: लांगे टेकड्यांवरची पारंपरिक लाल वाइन निवडण्यापासून पेल्यापर्यंत

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांतात, तूरिनच्या दक्षिणेला, आल्बा गावाभोवती लांगे नावाच्या टेकड्या आहेत. उतारावर उतार, प्रत्येक उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा आणि माथ्यावर एखादं जुनं गाव किंवा किल्ला. 2014 मध्ये युनेस्कोने लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या द्राक्षमळ्यांचा हा प्रदेश जागतिक वारशात घेतला. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन नामवंत लाल वाइन इथल्याच, आणि दोन्ही नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाच्या.

या वाइनला घाई चालत नाही. मळ्यात नाही, तळघरात नाही, आणि आपल्या घरी बूच काढल्यावर तर अजिबात नाही. पहिलीच बाटली भारी बारोलोची आणून, ती उघडल्या उघडल्या पेल्यात ओतून, "एवढी तुरट? एवढी आंबट?" म्हणून नाराज झालेली मंडळी मी बरीच पाहिली आहेत. त्यांच्या बाटल्या बहुतेक वेळा चांगल्याच होत्या. फक्त सुरुवात चुकीच्या टोकाने झाली होती. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि जमलं तर क्रमानेच प्या.

आधी खालच्या पायऱ्या

लांगेतला शेतकरी स्वतः रोज बारोलो पीत नाही. त्याच्या रोजच्या जेवणाबरोबर दोल्चेत्तो असते, कधी बार्बेरा. तुमची सुरुवातही तिथूनच होऊ द्या.

दोल्चेत्तो रंगाने गडद जांभळी, आंबटपणा कमी, थोडी तुरट, शेवटी किंचित कडू बदामासारखी लागते. ती ताजी असताना, दोन-तीन वर्षांत प्यायची. बार्बेराचा स्वभाव नेमका उलटा: आंबटपणा भरपूर, तुरटपणा नावाला. आपल्या जेवणाबरोबर कोणती एकच इटालियन लाल वाइन घ्यावी असं कुणी विचारलं, तर मी बार्बेराचं नाव घेईन. टोमॅटो, चिंच, कांदा-खोबऱ्याचं वाटण, यांच्यासमोर ती दबत नाही.

तिसरी पायरी लांगे नेब्बिओलो. द्राक्ष तेच, गावंही पुष्कळदा तीच, पण लाकडात वर्षानुवर्षं मुरवण्याची सक्ती नाही, त्यामुळे किंमत बारोलोच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. चांगल्या घराण्यांत, कोवळ्या वेलींचं किंवा बारोलोसाठी पुरेसं दमदार न वाटलेलं नेब्बिओलो अनेकदा या बाटलीत जातं. एखाद्या वाइनरीचा हात कसा आहे हे कमी पैशात ओळखायचं तर तिची लांगे नेब्बिओलो प्यावी. ती आवडली तर तिच्या बारोलोवर पैसे घालायला हरकत नाही. नाही आवडली तर मोठा खर्च वाचला.

चौथ्या पायरीवर बार्बारेस्को. बारोलोपेक्षा ती लवकर पिण्याजोगी होते. इथे प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को या सहकारी संस्थेचं नाव लक्षात ठेवा. 1958 मध्ये गावच्या पाद्र्याच्या पुढाकाराने छोट्या शेतकऱ्यांनी ती उभी केली. चांगल्या वर्षी ती 9 वेगवेगळ्या मळ्यांच्या 9 वेगळ्या रिझर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या वाइन, काढते. साखर आणि दूध यांच्या सहकारातून वर आलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सहकारी म्हणजे दुय्यम, हा समज या तळघरात टिकत नाही.

नेब्बिओलोचा स्वभाव

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे द्राक्ष वैतागवाणं वाटेल. कोंब सगळ्यांच्या आधी फुटतो, म्हणजे वसंतातल्या हिमतुषाराचा धोका. पिकतं सगळ्यांच्या मागून, साधारण ऑक्टोबरमध्ये, म्हणजे शरदातल्या पावसाचा धोका. उताराचं तोंड दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे असेल तरच साखर नीट भरते, आणि निव्वळ उत्तराभिमुख उतारावरच्या द्राक्षांना बारोलोच्या नियमांत जागाच नाही. मळ्याची उंचीही 170 ते 540 मीटरच्या आत हवी. उत्पादनाची कमाल मर्यादा हेक्टरी 8 टन, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्याही आत. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, थंडी सरून ऊन चढत असताना होते. लांगेत याच्या उलट, दिवस लहान होत जातात, रात्री गारठतात, सकाळी दरीत धुकं भरतं आणि त्या गारव्यात घड सावकाश पिकतो. सुगंध आणि आंबटपणा टिकतो तो या सावकाशीमुळे.

रंगावर जाऊ नका. नेब्बिओलोची वाइन पेल्यात फिकट दिसते, पलीकडची अक्षरं वाचता येतील इतकी, आणि काही वर्षांतच कडेला विटकरी झाक धरते. ती पातळ आहे असं वाटतं आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात. हा तुरटपणा साली आणि बियांतल्या टॅनिनचा. खूप वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ कोरडी पडते, तसाच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं म्हणून तोंड कोरडं वाटतं. उपायही यातच आहे: पुढ्यात मांस, चीज असं प्रथिनांचं आणि चरबीचं काही असलं, तर टॅनिन त्याला पकडतं आणि आपल्या जिभेला सोडतं.

लेबल कसं वाचायचं

बारोलोला 1966 मध्ये डीओसी हा ठरलेल्या प्रदेशातल्या, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाइनचा सरकारी दर्जा आणि 1980 मध्ये डीओसीजी हा त्यावरचा दर्जा मिळाला. बाटलीच्या मानेवर क्रमांक छापलेली सरकारी पट्टी असते. ती नसेल तर बाटली घेऊ नका. बऱ्याच बाटल्यांच्या खांद्यावर काचेतच उठावदार अक्षरांत "आल्बेइसा" असं लिहिलेलं असतं. ती इथल्या उत्पादकांनी 1970च्या दशकात पुन्हा प्रचारात आणलेली पारंपरिक बाटली.

मग साल पाहा. ते द्राक्षतोडणीचं असतं. बारोलो तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडात. म्हणजे 2021 ची बारोलो 1 जानेवारी 2025 च्या आधी विक्रीला येऊच शकत नव्हती. "रिझर्व्हा" लिहिलं असेल तर किमान 62 महिने. बार्बारेस्कोसाठी हेच आकडे 26 आणि 50.

त्यानंतर मळ्याचं नाव. 2010 पासून बारोलोच्या हद्दीतल्या मळ्यांची अधिकृत यादी लागू झाली. कान्नुबी, ब्रुनाते, रोक्के देल्लानुन्त्सियाता, व्हिन्या रिओन्दा ही त्यातली नावाजलेली. मळ्याचं नाव नसलेली, नुसती "बारोलो" लिहिलेली बाटली कमी प्रतीची, असं मात्र समजू नका. जुनी पद्धत अनेक मळ्यांची द्राक्षं एकत्र करण्याचीच होती: एका उताराचा सुगंध, दुसऱ्याचा दम. बार्तोलो मास्कारेल्लो यांच्या घराण्यात आजही चार मळ्यांची मिळून एकच बारोलो होते. सुरुवात करणाऱ्याने अशीच मिश्र बाटली घ्यावी असं माझं ठाम मत आहे. एका मळ्याची बाटली जास्त पैसे मागते, आणि तिचं वेगळेपण कळायला आधी सर्वसाधारण चव तोंडात बसलेली लागते.

"ब्रिक्को" म्हणजे टेकडीचा माथा, "सोरी" म्हणजे दक्षिणेकडचा उन्हाचा उतार, "व्हिन्या" म्हणजे मळ्यातला नेमका तुकडा.

कोणती टेकडी

बारोलोची हद्द 11 गावांची आहे. सगळी पाठ करण्यात अर्थ नाही, पण जमिनीचे दोन ढोबळ प्रकार माहीत असावेत. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर-करडी चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिथल्या वाइन सुगंधी, तुलनेने मऊ, थोड्या लवकर खुलणाऱ्या. पूर्वेकडे सेर्रालुंगा द'आल्बा आणि मोन्फोर्ते द'आल्बाच्या बऱ्याच भागात वालुकाश्माचे थर असलेली, पिवळट, जुनी माती आहे. तिथल्या वाइन कडक, तुरट, लांब पल्ल्याच्या. कास्तिलियोने फाल्लेत्तो मधल्या भागात आहे, आणि चवीनेही मधलं.

पाच-सात वर्षांत प्यायची असेल तर ला मोर्रा किंवा वेर्दुनोकडची घ्या. मुलीच्या जन्मवर्षाची बाटली तिच्या विसाव्या वर्षी उघडायची असेल तर सेर्रालुंगाची, आणि ती जपायची सोय असेल तरच.

पारंपरिक म्हणजे नेमकं काय

"पारंपरिक" हा शब्द दुकानदार सहज वापरतात. लांगेत त्याला ठोस अर्थ आहे, म्हणून इथे जरा थांबू.

द्राक्षं चिरडून आंबायला ठेवली की कार्बन डायऑक्साइडच्या जोराने साली वर येतात आणि जाड थर होऊन तरंगतात. रंग, सुगंध, टॅनिन सगळं सालींत, म्हणून त्या रसात भिजल्या पाहिजेत. आधी रोज रस खालून उपसून सालींवर ओततात. मग जुन्या पद्धतीची वाइनरी आणखी एक गोष्ट करते: टाकीच्या आत, वरच्या बाजूला लाकडी फळ्या आडव्या ठोकून बसवते. साली फळ्यांखाली, रसात बुडालेल्या, आणि फळ्यांच्या वर फक्त वाइन. या स्थितीत सगळं तसंच राहू देतात. सुरुवातीपासून धरून 30 दिवस, कधी 60. मग वाइन गाळून मोठ्या लाकडी पिंपांत जाते. ही पिंपं बहुधा स्लाव्होनियन ओकची, हजारो लिटरची, उभ्या माणसापेक्षा उंच आणि कित्येक वर्षं वापरलेली. पिंप मोठं, म्हणून प्रत्येक लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी. वाइनला लाकडाची चव लागत नाही. सच्छिद्र लाकडातून अगदी थोडी हवा आत येते आणि तुरटपणा सावकाश मवाळ होतो.

1980च्या दशकात तरुण पिढीतल्या काहींनी याविरुद्ध बंड केलं. साली काही दिवसच भिजवायच्या, फिरत्या टाक्या वापरायच्या आणि 225 लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपांत, म्हणजे बार्रिकमध्ये, वाइन मुरवायची. रंग गडद, चव गोलसर, व्हॅनिलाचा वास, आणि पिण्यासाठी दहा वर्षं थांबायला नको. एलिओ आल्तारे यांनी 1983 मध्ये वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली आणि वडिलांनी त्यांना वारसातून वगळलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हे हाताने लेबलं रंगवणारे गृहस्थ होते. त्यांच्या एका लेबलवर लिहिलं होतं: बार्रिक नको, बेर्लुस्कोनी (इटलीतले बडे राजकारणी) नको. ते 2005 मध्ये वारले. आज त्यांची मुलगी मारिया तेरेसा तीच पद्धत चालवते.

आज हे भांडण निवळलं आहे. नव्या लोकांनी छोटी पिंपं कमी केली, जुन्यांनी तळघरं स्वच्छ केली, मळ्यात घड विरळ करण्याची शिस्त सर्वांनी घेतली. बंडखोरांचं हे देणं मी मनापासून मानतो. तरी माझा कल जुन्या पद्धतीकडे आहे, कारण नव्या लाकडाचा वास आला की नेब्बिओलोचा स्वतःचा वास मागे पडतो: सुकलेला गुलाब, लाल चेरी, डांबर, ज्येष्ठमध, ओली पानं. हे वास इतर द्राक्षांत एकत्र सापडणं अवघड.

बाटली कोणत्या पद्धतीची हे लेबल क्वचितच सांगतं. वाइनरीच्या माहितीपत्रकात "बोत्ती ग्रांदी" म्हणजे मोठी पिंपं, किंवा "कापेल्लो सोम्मेर्सो" म्हणजे बुडवलेल्या साली, असे शब्द दिसले तर पद्धत जुनी. "बार्रिक" दिसलं तर नवी. मास्कारेल्लो, जाकोमो कोन्तेर्नो, ज्युसेप्पे रिनाल्दी ही पारंपरिक बाजूची मोठी नावं. त्यांच्या बाटल्या महाग आणि दुर्मिळ आहेत, आणि शिकण्यासाठी त्यांची गरज नाही.

साल कसं निवडायचं

2010, 2013, 2016, 2019 आणि 2021 ही घट्ट बांध्याची, टिकाऊ वर्षं. 2015 उबदार आणि गोलसर, 2017 अतिशय उष्ण आणि कोरडं, 2014 पावसाचं. 2018 हलकं आणि 2020 मवाळ, म्हणून ही दोन लवकर उघडण्यासाठी चांगली. नावाजलेल्या सालाच्या कोवळ्या बाटलीपेक्षा साध्या सालाची मुरलेली बाटली आज रात्री जास्त आनंद देईल, हे खरेदी करताना विसरू नका.

आणायची आणि ठेवायची

भारतात आयात वाइनवर सीमाशुल्क जबर असल्याने इथली किंमत इटलीच्या दुप्पट-तिप्पट दिसते. कुणी इटलीहून येत असेल तर प्रवाशाला 2 लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी आणली की मर्यादा ओलांडली. निघण्याआधी चालू नियम तपासावा. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत घट्ट गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी.

स्वतः जाणार असाल तर तूरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे, पुढे टेकड्यांवर गाडी लागते. इटलीत वाहनचालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे. म्हणून एक तर चालक ठेवा, नाही तर चव घेऊन थुंका. प्रत्येक तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि कुणी वाईट मानत नाही. छोट्या घराण्यांना आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर त्यांची तोडणी चालू असते, तेव्हा आग्रह करू नये. वेळ मिळाली नाही तर बारोलोच्या किल्ल्यातल्या प्रादेशिक एनोतेकात, म्हणजे वाइनच्या दालनात, अनेक उत्पादकांच्या वाइन एकाच ठिकाणी चाखता येतात.

घरी आल्यावर खरी परीक्षा. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात 35 अंशांच्या खोलीत, शोकेसमध्ये उभी ठेवलेली बारोलो एका मोसमात खराब होऊ शकते. फळाचा वास जातो, शिजवल्यासारखी चव येते, बूच वर सरकतं. हिला 12 ते 14 अंश, अंधार आणि आडवी जागा हवी. वाइनचं कपाट नसेल तर घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून आडवी ठेवा. काही महिने ठीक राहते. दहा वर्षं जपायचा बेत फ्रिजच्या भरवशावर करू नका, वर्षाच्या आत पिऊन टाका. आणि घेताना दुकानात बघा: बाटली खिडकीच्या उन्हात किंवा तापलेल्या दिव्याखाली असेल तर साल कितीही चांगलं असो, सोडून द्या.

उघडण्याचा दिवस

बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. पिण्याचं तापमान 16 ते 18 अंश. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे बाहेर असलेली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रिजमधली असेल तर तेवढाच वेळ आधी बाहेर काढावी. 28 अंशांना बारोलो नुसती दारूसारखी नाकात जाते. फार गार असेल तर तुरटपणा दुप्पट वाटतो.

कोवळी, म्हणजे दहा वर्षांच्या आतली बारोलो, जेवणाच्या दोन-तीन तास आधी रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओता. नुसतं बूच काढून बाटली तशीच ठेवल्याने काही होत नाही, मानेएवढ्या पृष्ठभागाला हवा ती किती लागणार. वीस वर्षांच्या बाटलीला मात्र इतकी हवा झेपत नाही. ती पिण्याच्या थोडं आधी, मागे दिवा धरून, एका दमात सावकाश ओता आणि गाळ मानेपर्यंत आला की थांबा.

आधी घोटभर ओतून वास घ्या. भिजलेल्या वर्तमानपत्राचा, कोंदट तळघराचा वास असेल तर बूच बाधलेलं आहे. कितीही वेळ ठेवली तरी ती सुधारत नाही, दुकानात परत न्या. पेला मोठा, पोट फुगलेला घ्या आणि एक तृतीयांशच भरा. तासाभराच्या अंतराने तोच पेला पुन्हा हुंगा. आधी बंद असलेली वाइन गुलाबाकडे, मग मसाल्याकडे कशी सरकते, हे बघण्यातच या द्राक्षाची अर्धी मजा आहे.

ताटात काय

लांगेत हिच्याबरोबर अंड्याच्या पिवळ्या बलकाचा ताजारीन नावाचा शेवयांसारखा बारीक पास्ता, शरदात त्यावर किसलेलं आल्बाचं पांढरं ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी), आणि बारोलोतच तासन् तास शिजवलेलं गोमांस असतं. आपल्या घरी तत्त्व तेच ठेवावं: मंद आचेवर शिजलेलं, स्निग्ध, तिखटाला बेताचं. मिरचीचा जाळ, टॅनिन आणि 14 टक्के अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, म्हणून झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो उघडणं म्हणजे दोघांचंही नुकसान. पांढऱ्या रश्श्यातलं मटण, तुपावर परतलेलं काळ्या मिरीचं मटण, नळीचं हाड, हे छान जुळतं. तिखट करायचंच असेल तर बार्बेरा उघडा. शाकाहारी घरात अळंबी, तुपात परतलेली, किंवा जुनं पार्मिजानो चीज. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर लाल वाइन तोंडात धातूसारखी लागते, तेव्हा ती दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

बाटली संपली नाही तर उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. कोवळी बारोलो दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त खुललेली असते, तिसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्यानंतर राहिलेली मटणाच्या भांड्यात घाला, कांदा परतून झाल्यावर, मटण टाकायच्या आधी, आणि निम्मी आटेपर्यंत उकळू द्या.